‘तर’ आणि ‘तरच’

वहिनीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. घरात गजर नव्हता. भिंतीमागच्या नळाला पाणी यायच्या आधी पाइप खाकरायचा, त्या आवाजाने ती उठायची. पाणी भरणं, डबे, नवऱ्याचा चहा झाकून ठेवणं, आणि उजाडायच्या आत लॉन्ड्रीचं फाटक. बॉयलरची वाफ चढेपर्यंत रोलरवरचं जाड कापड झाडून, ताणून तयार असायला हवं. वाफ चढल्यावर फडकं शोधायला निघणारी माणसं तिला आवडत नसत, आणि ते ती त्यांच्या तोंडावर सांगत असे.

वहिनी हे तिचं घरातलं नातं. तिची नणंद त्या लॉन्ड्रीत आधीपासून होती, धुलाईच्या मोठ्या ड्रमवर. तिनेच भावजयीला कामाला लावलं आणि पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत ओरडली, “अगं वहिनी, पदर खोच आधी! इथं मशीन आहेत, आरसे नाहीत.” ती हाक सगळ्यांनी उचलली. बॉयलरवाला तिच्या वडिलांच्या वयाचा, तोही वहिनी म्हणायला लागला. नणंदेला मात्र सगळे ताई म्हणत, आणि फक्त वहिनी तिला वन्सं म्हणत असे. “मी आणली म्हणून आली” हे वाक्य नणंदेने इतक्या वेळा ऐकवलं होतं, की वहिनी ते पुरं व्हायच्या आधी मान डोलवून मोकळी व्हायची.

वहिनीने सुरुवात केली ती मळक्या ढिगावर. इस्पितळांतून आलेली बोचकी सोडायची, रक्ताचं वेगळं, औषधाचं वेगळं, साधं वेगळं. नाकावर फडकं, कमरेतून वाकलेलं अंग, आणि संध्याकाळी कितीही साबण लावला तरी हाताला राहणारा वास. लॉन्ड्रीत त्याहून खालचं काम नव्हतं. तिथे तिने वर्षं काढली. मग घडीच्या टेबलावर आली, आणि तिथून रोलरवर.

रोलर म्हणजे वाफेवर तापणारा लांबलचक लोखंडी दंडगोल. ओलसर चादर एका बाजूने द्यायची, पलीकडून वाळून, कडक होऊन बाहेर येते. बघणाऱ्याला वाटतं, मशीनच सगळं करतं. पण चादर लावणारीचे हात चुकले तर काठ तिरका जातो, सुरकुती भाजली जाते आणि ती परत निघत नाही. कोपरे चिमटीत धरायचे, खांदे खाली ठेवायचे, ताण कमरेतून द्यायचा. खांद्याने ओढणारी बाई दुपारपर्यंत टिकते. वहिनी संध्याकाळपर्यंत टिकायची, आणि शेवटची चादर पहिलीसारखीच सरळ जायची. हे काम तिला आणि आत्ताच्या मुकादमाला एकाच उस्तादाने शिकवलं होतं. उस्ताद म्हातारा होऊन घरी गेला. त्याने घडवलेला एक हात रोलरवर पक्का बसला, ती वहिनी. दुसरा हात कामापेक्षा कामावर देखरेख करण्यात चांगला निघाला, तो मुकादम.

रोलरवरच्या पगाराने एक गोष्ट केली. घरात तोवर एकच खोली होती. नवरा-बायको दोरीच्या अलीकडे, नणंद पलीकडे, आणि दोरीवर लॉन्ड्रीतून बाद झालेली एक चादर. नणंद घोरायची. घोरत नसेल तेव्हा जागी असायची, आणि ते जास्त वाईट होतं. रोलर मिळाल्यावर वहिनीने समोरच्या बोळातली खोली भाड्याने घेतली आणि नणंदेची कॉट तिकडे हलवली. त्या रात्री दोघीही गाढ झोपल्या. नवरा शाळेत शिपाई होता. तो म्हणाला, “तुम्ही दोघी आता भांडायला बोळ ओलांडणार?” वहिनी म्हणाली, “ओलांडू. पण ठरवून.”

रोलर गेला तर ती खोली जाणार, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

आणि एके दिवशी रोलर जायची वेळ आली. इस्पितळातून चादरींचा एक गठ्ठा परत आला. पांढऱ्या असायला हव्यात त्या पिवळट होत्या. फार नाही, जुन्या कागदासारख्या, पण इस्पितळाच्या कपाटात दुसऱ्या पांढऱ्या चादरींवर ठेवल्यावर लपणाऱ्या नव्हत्या. मुकादमाने गठ्ठा उचलून घडीच्या टेबलावर टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“वहिनी, रोलर जास्त तापला तर चादर पिवळी पडते. उस्तादांनी शिकवलेला पहिला धडा. या बघा पिवळ्या. म्हणजे रोलर जास्त तापला. रोलरवर कोण? तुम्ही. आता मी वेगळं काय बोलू? सोमवारपासून निवडीवर जा. रोलरला मी घडीवरची पोर लावतो.”

निवड म्हणजे तोच मळका ढीग.

वहिनीला राग आला की आधी ती हात धुवायची, ती सवय होती. ती मोरीवर गेली, हात धुतले, डबा घेऊन बसली. नणंद तिच्या शेजारी येऊन बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

“कबूल करून टाक. माणूस चुकतो. मुकादम तसा वाईट नाही, चार दिवस रागावेल.”

“काय कबूल करू, वन्सं?”

“की रोलरच्या तापाचा काटा बघायला विसरलीस.”

“मी काटा बघायला विसरत नाही.”

“मग चादरी काय आपोआप पिवळ्या पडल्या? का पुढच्या महिन्यात मी परत तुमच्या दोरीपलीकडे येऊ, आणि मग तू मला सांगणार, की आपोआप पडल्या होत्या?”

वहिनीने घास खाली ठेवला. नणंदेचं बोलणं नेहमीचंच होतं, त्याचं तिला काही नव्हतं. पण मुकादमाचं वाक्य तिच्या कानात घोळत होतं, आणि त्यात काहीतरी सैल होतं. एखादी चादर दिसायला सरळ जावी आणि हाताला मात्र कळावं की काठ सुटलाय, तसं. ती ते वाक्य मनात पुन्हा पुन्हा रोलरमधून काढत राहिली. डबा अर्धा ठेवून ती उठली, परत आलेल्या गठ्ठ्यातली एक चादर ओढली आणि बोटांत चुरली. मग ओठाला लावली. किंचित खारट लागली.

“शी!” नणंद म्हणाली. “इस्पितळाची आहे ती!”

“धुतलेली आहे ना? मग?” वहिनी म्हणाली आणि मुकादमाकडे गेली.

मुकादम खुर्चीवर बसून चहा पीत होता. त्याच्याभोवती दोन-चार जण होते, तेही थांबले. इथे काहीतरी होणार हे सगळ्यांना कळलं होतं.

“मुकादम, उस्ताद काय म्हणाले होते? पुन्हा सांगा.”

“रोलर जास्त तापला तर चादर पिवळी पडते.”

“बरोबर. अगदी बरोबर. पण उस्ताद ‘तर’ म्हणाले की ‘तरच’?”

“म्हणजे?”

“‘तापला तर पिवळी पडते.’ मला मान्य. ‘तापला तरच पिवळी पडते’ असं म्हणाले होते का?”

मुकादमाने कप खाली ठेवला. “एका ‘च’ने काय फरक पडतो?”

“पडतो. कांदा चिरला तर डोळ्यांत पाणी येतं. येतं ना?”

“येतं.”

“परवा तुमची मुलगी नोकरीला परगावी निघाली, तेव्हा तुम्ही फाटकात उभं राहून रडत होतात. कुठं कांदा चिरला होतात?”

बॉयलरवाला जोरात हसला, बाकीचेही हसले. मुकादमही हसला. माणूस उमदा होता, स्वतःवरचा विनोद त्याला पचायचा. मग तो गंभीर झाला.

“हे बरं आहे. पण ऐका. तुमच्या कांद्याने एवढंच कळलं, की दुसरं कारण असू शकतं. रोलर तापला नव्हता, हे कुठं कळलं?”

“नाही कळलं,” वहिनी लगेच म्हणाली. “ते मी म्हणतही नाही. तापला असेलही, नसेलही. पण चादर पिवळी आहे एवढ्यावरून तुम्ही ‘तापलाच’ म्हणालात, तेवढं टिकत नाही. आणि टिकत नाही अशा गोष्टीवर मी ढिगावर परत जाणार नाही.”

इथे मुकादमाने चांगलं काम केलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. दुसरा एखादा आवाज चढवून बसला असता. हा उठला.

“चला, लावून बघू. आजच्या ओल्या चादरी काढा. काटा मी बघतो.”

“धुलाईचे ड्रम दोन. मोठ्या ड्रममधली एक घ्या आणि छोट्या ड्रममधली एक,” वहिनी म्हणाली. “दोन्ही इस्पितळाच्याच, दोन्ही जुन्या. हात माझाच.”

“हात तुमचाच. रोलर तोच, काटा तोच. चला.”

मुकादम काट्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. काटा जिथे असायला हवा तिथेच होता, ते त्याने तोंडाने म्हणून दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. वहिनीने पहिली चादर लावली, छोट्या ड्रमची. तिच्या मागोमाग दुसरी, मोठ्या ड्रमची. रोलरपलीकडे चादर धरणाऱ्या दोघींनी दोन्ही चादरी एकत्रच दारापाशी नेल्या, कारण रोलरजवळच्या दिव्याखाली सगळंच पिवळं दिसायचं. दारातल्या उजेडात त्या शेजारी शेजारी धरल्या.

छोट्या ड्रमची पांढरी होती. मोठ्या ड्रमची गठ्ठ्यातल्यासारखी, जुन्या कागदाच्या रंगाची.

एका ड्रमच्या सगळ्याच चादरी एकापाठोपाठ सारख्या फिक्या येत असल्या की डोळ्याला ते कळत नाही, शेजारी खरी पांढरी लागते. वहिनीलाही कळलं नव्हतं, आणि ते तिने तिथेच सांगितलं. मुकादम चादरीजवळ वाकला.

“ताप बरोबर, आणि तरी पिवळी.”

“म्हणजे ‘च’ गेला,” वहिनी म्हणाली.

“गेला. तुमचा रोलर तुमच्याकडे.” त्याने चादर बोटांत चुरली, तिने चुरली होती तशीच. “निसरडी लागतेय. सोडा राहिलाय हिच्यात. सोडा राहिलेली चादर गरम लोखंडाला लागली की पिवळी पडणारच. म्हणजे खंगाळणं अर्धवट झालंय.” आणि तो वळला. “ताई! घड्याळ कापलंस ना?”

नणंद मोठ्या ड्रमपाशी उभी होती. कोपरापर्यंत हात ओले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग बघण्यासारखा होता, पण कुणाला बघवला नाही.

घड्याळ म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी त्या लॉन्ड्रीत खंगाळण्याला ‘पाणी’ म्हणत. कपड्याला तीन पाणी द्यायचं, म्हणजे तीनदा ड्रम भरून सोडायचा. मग ड्रमला आपोआप बंद होणारं घड्याळ बसलं, आणि बायका ‘तीन घड्याळं दिली’ असं म्हणायला लागल्या. चकती फिरवायची, ती टक करून थांबली की एक घड्याळ झालं. चकती आधीच हाताने मागे फिरवली की घड्याळ कापलं. घाईत असं कापणाऱ्या बायका होत्या, हे मुकादमाला ठाऊक होतं, कारण तरुणपणी त्यानेही कापली होती.

“मी कापलं नाही,” नणंद म्हणाली.

“घड्याळ कापलं तर सोडा राहतो. सोडा राहिलाय. आणखी काय पाहिजे?”

वहिनीपुढे आता सोपं काम होतं. गप्प बसायचं. रोलर तिच्याकडे परत आला होता. पगार तोच, खोली तीच. नणंद चार महिने मळक्या ढिगावर वाकली असती तर “मी आणली म्हणून आली” हे वाक्यही कायमचं बंद झालं असतं. शिवाय नणंदेने दुपारीच तिला कबूल करून टाकायला सांगितलं होतं. गप्प बसायला यापेक्षा चांगली कारणं माणसाला मिळत नाहीत.

“मुकादम,” ती म्हणाली, “कापलं तर राहतो. कापलं तरच राहतो का?”

मुकादमाने कपाळाला हात लावला. “पुन्हा तो ‘च’?”

“तोच.”

“अहो वहिनी, तुमचं सुटलं ना? आता तुमचं काय अडलंय?”

“माझ्यावर लावलेलं वाक्य चुकीचं होतं. तेच वाक्य नाव बदलून दुसऱ्यावर लावलं, तर ते बरोबर कसं होईल? वन्संनी कापलंही असेल. मी काही त्यांच्या ड्रममध्ये बसलेली नव्हते.”

“वा!” नणंद म्हणाली. “काय बाजू घेतलीय माझी!”

“बाजू घेत नाहीये, वन्सं. तुम्ही आत्ता आमच्यासमोर एक घड्याळ द्या. पुरं.”

नणंदेने चकती फिरवली. सगळे ड्रमभोवती जमले. काचेतून चादरी गोल फिरताना दिसत होत्या. चकती टिकटिकत राहिली, आणि टक करून थांबली. पुरं घड्याळ झालं होतं, कुणीही हात लावलेला नव्हता. पण काचेत पाणी किती चढलं होतं? जेमतेम तळाशी. वरच्या चादरी भिजलेल्या होत्या, खंगाळल्या गेल्या नव्हत्या.

नणंद काचेकडे बघत राहिली. “मी घड्याळ कधी कापलं नाही,” ती म्हणाली, पण आता आवाज वेगळा होता. “घड्याळाकडेच बघत होते मी.”

मुकादमाने पाण्याच्या पाइपाला कान लावला. मग कॉक बंद करून पाना मागवला आणि स्वतःच्या हाताने जोडाजवळची जाळी खोलली. जाळीवर धाग्यांचा, लवीचा थर बसला होता, ओल्या टोपीसारखा घट्ट. त्यातून पाणी झिरपत होतं, वाहत नव्हतं. छोट्या ड्रमला वेगळा पाइप होता, म्हणून तो वाचला होता. जाळी साफ करण्याचं काम कुणाचं? बॉयलरवाला म्हणाला, ड्रमवाल्यांचं. ड्रमवाल्या म्हणाल्या, बॉयलरचं. मुकादमाने दोघांकडे बघितलं आणि ती लवीची टोपी बादलीत टाकली.

“आजपासून माझं,” तो म्हणाला. “आणि ऐका सगळ्यांनी. घड्याळ पुरं द्यायचंच. पण घड्याळ पुरं झालं म्हणजे पाणी पुरं झालं, असं नाही. काच बघायची.” मग वहिनीकडे वळून, “यात कुठं ‘च’ राहिला असेल तर आत्ताच सांगा, बाई. नंतर नको.”

“नाही राहिला. घड्याळ लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही. बरोबर बोललात.”

“उपकार झाले.”

सोमवारी वहिनी रोलरवर होती आणि नणंद ड्रमवर. जाळी साफ झाल्यावर त्याच चादरींना तीन पाणी दिलं, आणि त्याच रोलरमधून त्या पांढऱ्या निघाल्या. त्या आठवड्यापासून ड्रमवरच्या बायका पुन्हा ‘पाणी’ म्हणायला लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

जाळी खोलली त्या संध्याकाळी दोघी बरोबरच घरी निघाल्या. बोळ आला तेव्हा नणंद म्हणाली,

“तू मला वाचवलंस, असं म्हणू का मी?”

“नका म्हणू. तुम्ही कापलं असतं तर तेही निघालं असतं, आणि मी काही केलं नसतं.”

“एवढं तोंडावर सांगायची गरज होती?”

“विचारलंत म्हणून.”

नणंद थांबली. “दुपारी मी तुला कबूल करायला सांगितलं. मला खरंच वाटलं होतं, तूच विसरलीस म्हणून.”

“माहीत आहे.”

“रागावली नाहीस?”

“रागावले. हात धुतले.”

नणंद हसायला लागली. मोठ्याने, बोळातली कुत्री उठतील असं. मग आपल्या खोलीत गेली आणि दार लावलं. आतून पुन्हा हसल्याचं ऐकू आलं.

लॉन्ड्रीत वहिनीचं नाव काही दिवस ‘तरच वहिनी’ पडलं. बॉयलरवाला फाटकातूनच ओरडायचा, “वाफ चढली तर रोलर चालेल, की चढली तरच?” ती न थांबता सांगायची, “तरच. आणि तुम्ही बोलत बसलात तर नाहीच.” घरी नणंदेने तो ‘च’ उचलला आणि आपल्याच बाजूने वापरायला सुरुवात केली. भाजी खारट झाली असं वहिनीने म्हटलं की ती म्हणे, “मीठ जास्त पडलं तरच खारट होते का? पाणीही आटलं असेल. काच बघ आधी.” नवरा ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचा आणि त्याचे खांदे हलायचे.

दोघींची भांडणं कमी झाली असं कुणी समजू नये. पण आता भांडताना दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या, आणि मग त्यातला सैल धागा शोधायच्या. असं भांडण लांबतं. मात्र त्यात कुणाचं काही हरवत नाही.

वहिनी रोलरवरूनच निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी तिने घडीवरच्या त्या पोरीला रोलर सोपवला. पोर आता पोर राहिली नव्हती. वहिनीने तिला अर्धा दिवस समोर उभं करून चादरी लावायला लावल्या, खांदे वर गेले की चापट मारली, आणि उस्तादाचा धडा सांगितला, ‘तर’ नीट सुटा उच्चारून. मुकादमाने हार आणला होता. तो तिने घालून घेतला, पण काम संपल्यावर. हार घालून रोलरजवळ जायचं नसतं.

आज तिचा उजवा अंगठा पूर्ण मिटत नाही, आणि गरम भांडं ती फडक्याशिवाय उचलते. बाकी ती ठणठणीत आहे.

घरमालकाने बोळातली खोली विकायला काढली, तेव्हा दोघा-तिघांचा तिच्यावर डोळा होता. वहिनीने रोलरच्या पगारातून राखलेलं सगळं त्यात घातलं, निवृत्तीला हातात आलं तेही घातलं, आणि खोली घेतली. कागद तिच्या एकटीच्या नावावर आहेत, दारावरची पाटीही. आत नणंद राहते, भाडं देत नाही, आणि पाटी वाकडी लागलीय असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

पाटी सरळ आहे.